शेरेबुकातील ‘उत्तम’

१९९८ च्या सुमारास एका मध्यम आकाराच्या शहरात महापालिका आयुक्त म्हणून काम करीत असताना, नगररचना विभागाच्या खिडकीशेजारी दोरीने बांधून ठेवलेले एक शेरेबुक माझ्या पाहण्यात आले. बांधकाम परवानगीसाठी येणाऱ्या नागरिकांनी विभागाच्या सेवेविषयी आपला अभिप्राय त्यात नोंदवावा, अशी अपेक्षा होती. मी ते घरी नेले आणि रात्री वाचून काढले. पानांमागून पाने ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘कर्मचारी सहकार्यशील’ अशा शेऱ्यांनी भरलेली होती. त्याच आठवड्यात मला भेटायला आलेल्या नागरिकांपैकी निम्म्याहून अधिक लोक मात्र याच विभागाविषयीचे गाऱ्हाणे घेऊन आले होते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, असे मी विभागातील एका जुन्या लिपिकाला विचारले. तो सहज म्हणाला, “साहेब, नस्ती आत असताना बाहेर वाईट कोण लिहील?”

आज त्या शेरेबुकाची जागा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या दुव्याने आणि पाच चांदण्यांनी घेतली आहे. परवानगीचा अर्ज ऑनलाइन, शुल्काचा भरणा ऑनलाइन आणि शेवटी ‘आमची सेवा कशी वाटली’ हा प्रश्नही ऑनलाइन. नागरिकांचे मत विचारात घेण्याची ही प्रथा स्वागतार्हच आहे. परंतु मत कोण विचारतो, कोणाला विचारतो, केव्हा विचारतो आणि आलेल्या उत्तराचे पुढे काय होते, हे चार प्रश्न शेरेबुकाच्या काळी अनुत्तरित होते आणि बहुतेक शहरांत ते आजही तसेच आहेत.

या बाबतीत आपल्या देशाने एकेकाळी जगाला धडा घालून दिला होता, याचा आपल्याला विसर पडला आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक सॅम्युअल पॉल यांनी १९९३ मध्ये बेंगळूरुत एक पाहणी केली. वीज, पाणी, दूरध्वनी, महापालिका, रुग्णालये, विकास प्राधिकरण अशा सार्वजनिक सेवा वापरणाऱ्या कुटुंबांना, मध्यमवर्गीय वस्त्यांत आणि झोपडपट्ट्यांत स्वतंत्रपणे, साधे प्रश्न विचारण्यात आले. काम किती खेपांत झाले? कर्मचाऱ्यांचे वागणे कसे होते? लाच द्यावी लागली का? शाळकरी मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखे प्रत्येक यंत्रणेचे गुणपत्रक तयार झाले आणि ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. भूखंड वाटप आणि नियोजन करणारे बेंगळूरु विकास प्राधिकरण या गुणपत्रकात तळाशी होते. त्याच्या सेवेविषयी समाधानी असलेले लोक शंभरात जेमतेम एक निघाले. पॉल यांनी पुढे १९९४ मध्ये ‘पब्लिक अफेअर्स सेंटर’ ही संस्था स्थापन केली आणि १९९९ व २००३ मध्ये तीच पाहणी पुन्हा केली.

या तीन गुणपत्रकांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या आणि दुसऱ्या पाहणीच्या दरम्यान फारसे काही बदलले नाही. समाधान थोडे वाढले, पण लाच देण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. खरा फरक पडला तो १९९९ नंतर. मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले आणि निरनिराळ्या यंत्रणांच्या प्रमुखांना ठरावीक काळाने जाहीर सभेत उभे राहून, आपण काय करण्याचे कबूल केले होते आणि त्यांतील काय केले, हे सांगावे लागू लागले. मालमत्ता कराची स्वयंआकारणी योजना याच काळातली. २००३ च्या गुणपत्रकात बहुतेक यंत्रणांची कामगिरी लक्षणीयरीत्या सुधारलेली दिसली आणि त्यांत विकास प्राधिकरणही होते. लोकांचे म्हणणे १९९३ मध्येही तेच होते. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरल्यावर त्या म्हणण्याला वजन आले. २००४ मध्ये सरकार बदलले आणि ते कृतिदल विरून गेले. निवडून आलेल्या नगरसेवकांना वगळून उद्योगक्षेत्रातील मान्यवरांच्या हाती शहराची सूत्रे दिल्याचा आक्षेप त्याच्यावर होता आणि तो निराधार नव्हता. उत्तरदायित्वाची रीत कायद्यात न उतरता काही व्यक्तींच्या उत्साहावर अवलंबून राहिली की तिचे आयुष्य एका सरकारपुरतेच असते, हाही या कथेचा भाग आहे.

यानंतरच्या काळात अभिप्रायाला आपण निराळेच वळण दिले. आता तो शहरांच्या स्पर्धेतील गुणांचा एक स्रोत झाला आहे. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेल्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त नागरिकांच्या प्रतिसादाला गुण आहेत. ‘सुलभ जीवनमान निर्देशांका’साठी २०२० च्या आरंभी झालेल्या नागरिक आकलन सर्वेक्षणात १११ शहरांतील ३२ लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि अंतिम गुणांत त्याला ३० टक्के वजन होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर नागरिकांना विचारले जाणे ही मोठीच गोष्ट. परंतु उत्तरावर शहराचा क्रमांक आणि क्रमांकावर अधिकाऱ्याची पाठ थोपटली जाणे अवलंबून असेल, तर उत्तर जाणून घेण्यापेक्षा ते मिळवण्याकडे यंत्रणेचा कल झुकणार, हे मी प्रशासनातील दीर्घ अनुभवावरून सांगू शकतो. अशा वेळी अभिप्राय ‘गोळा’ करण्यासाठी कर्मचाऱ्यांना उद्दिष्टे दिली जातात आणि सेवा सुधारण्यासाठी लागणारा वेळ त्यात खर्ची पडतो.

बांधकाम परवानगीच्या बाबतीत याचे सर्वांत बोलके उदाहरण जागतिक बँकेच्या ‘व्यवसायसुलभता’ क्रमवारीचे आहे. बांधकाम परवानगी या निकषावर २०१८ च्या अहवालात भारत १८१ व्या स्थानी होता. पुढच्याच वर्षी तो ५२ व्या आणि त्यानंतरच्या वर्षी २७ व्या स्थानी पोहोचला. ही मजल दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांच्या आधारे मोजलेली होती आणि मोजमापासाठी गृहीत धरलेली इमारत होती एक दोन मजली गोदाम. माहिती दिली ती प्रामुख्याने वास्तुविशारद, अभियंते, वकील अशा या क्षेत्रातील व्यावसायिकांनी. एकखिडकी योजना, शुल्कांची फेररचना, ऑनलाइन छाननी या त्या काळात झालेल्या सुधारणा खऱ्याच होत्या आणि त्या करणाऱ्या अधिकाऱ्यांना मी त्यांचे श्रेय नाकारणार नाही. पण पटना, कानपूर किंवा कोइमतूर येथे वडिलोपार्जित घरावर एक मजला चढवू पाहणाऱ्या कुटुंबाला त्या उडीतून काय मिळाले, हे त्या क्रमवारीने कधी विचारलेच नव्हते. अन्य काही देशांच्या आकडेवारीतील अनियमितता उघड झाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ही क्रमवारीच बंद केली.

मूळ अडचण ‘ग्राहक’ या शब्दातच आहे. दुकानात माल पसंत पडला नाही, तर ग्राहक पलीकडच्या दुकानात जातो; म्हणून दुकानदार त्याचे ऐकतो. बांधकाम परवानगीसाठी पलीकडे दुसरी महापालिका नसते. शिवाय नगररचना विभागाच्या दारात जो अर्ज घेऊन उभा आहे, तेवढाच त्याचा ग्राहक म्हणता येत नाही. अर्जदाराच्या इमारतीमुळे ज्याच्या खिडकीतला उजेड जाणार आहे तो शेजारी, ज्या रस्त्यावर तिची वाहने उभी राहणार आहेत ती वस्ती, आणि पंधरा वर्षांनी तेथे राहायला येणारे कुटुंब, यांपैकी कोणीही अर्ज केलेला नसतो. अर्जदाराला विचाराल, तर तो परवानगी लवकर आणि कमी अटींवर मिळावी, असेच म्हणणार; त्यात त्याची चूक नाही. मात्र फक्त त्याच्याच समाधानावर विभागाची कामगिरी मोजली, तर उत्तम नगररचना विभाग म्हणजे कोणालाही कधी ‘नाही’ न म्हणणारा विभाग, असा त्याचा अर्थ होईल.

नोएडातील जुळ्या मनोऱ्यांची कहाणी यासाठी पुन्हा आठवायला हवी. एका गृहसंकुलातील रहिवाशांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या संमतीवाचून, मंजूर नकाशे बदलत जाऊन सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन मनोरे उभे राहिले. दोन इमारतींमध्ये १६ मीटर अंतर आवश्यक असताना ते ९ मीटर ठेवले गेले. रहिवाशांच्या संघटनेने मंजूर नकाशे मागितले, तेव्हा प्राधिकरणाने ते दिले नाहीत. उलट ते द्यावेत किंवा कसे याविषयी विकासकालाच विचारणा केली. रहिवासी २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये मनोरे पाडण्याचा आदेश झाला, ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकारी आणि विकासक यांच्या संगनमतावर कठोर शब्दांत ताशेरे ओढून तो कायम केला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत दोन्ही मनोरे जमीनदोस्त झाले. स्फोटाचे दृश्य देशाने पाहिले. त्यापूर्वी दहा वर्षे रहिवासी जे सांगत होते, तोही एक अभिप्रायच होता. पण त्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नव्हता. अर्जदार असलेला विकासक त्या काळात प्राधिकरणाच्या सेवेवर नक्कीच समाधानी असणार.

नोएडात निवडून आलेली महापालिका नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांपैकी पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आहे. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तरीही दिल्लीचे नियोजन केंद्राच्या, बेंगळूरुचे राज्याच्या प्राधिकरणाकडे राहिले. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे संविधान सांगते. अनेक ठिकाणी त्या कागदावर आहेत. बेंगळूरु महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये आणि मुंबईची मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर ही महानगरे वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिली. ज्या शहरात गाऱ्हाणे सांगायला नगरसेवकच नाही, तेथे पाच चांदण्यांचा दुवा हा लोकप्रतिनिधीला पर्याय ठरू शकत नाही. अभिप्राय लोकशाहीला पूरक ठरतो तो लोकशाही जागेवर असेल तरच.

परवानगीच्या एका टप्प्यावरून संपूर्ण शहराच्या विकास आराखड्याकडे वळलो, तरी चित्र फारसे निराळे नाही. येथे अभिप्रायाला कायद्याने नाव दिले आहे, ‘हरकती व सूचना’. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून आखलेले रस्ते, चुकीच्या जागी पडलेली आरक्षणे आणि वारसावास्तूंविषयीचे घोळ पाहून नागरिकांनी ६५ हजारांहून अधिक हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मागे घेऊन सुधारित आराखडा करण्याचे आदेश द्यावे लागले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि अंतिम मंजुरीला २०१८ साल उजाडले. भूवापर नकाशांतील चुका नागरी संघटनांनी प्रारूपापूर्वीच दाखवल्या होत्या. तेव्हाच त्यांची दखल घेतली असती, तर एवढा काळ वाया गेला नसता.

दिल्लीच्या २०४१ पर्यंतच्या आराखड्याचे प्रारूप करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ४५ दिवसांची मुदत पुढे वाढवून ७५ दिवसांची करावी लागली आणि सुमारे ३३ हजार हरकती व सूचना आल्या. तेथे एक आशादायक गोष्ट घडली. ‘मैं भी दिल्ली’ या मोहिमेने प्रारूपाच्या कितीतरी आधीपासून फेरीवाले, घरकामगार, कचरावेचक, बेघर यांच्या वस्त्यांत बसून त्यांच्या गरजा नियोजनाच्या भाषेत मांडल्या होत्या. ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हा शब्द ज्याने आयुष्यात ऐकला नाही, त्यालाही शहराविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते नियोजकाला कळेल अशा भाषेत नेणारा दुभाष्या मात्र हवा, हा या मोहिमेचा धडा आहे. ज्यांच्याकडे वकील आणि वास्तुविशारद आहेत, त्यांच्याच हरकती नेमक्या कलमावर बोट ठेवतात. बाकीच्यांच्या सुनावणीत निघून जातात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे पॅट्रिक गेडिस यांची आठवण होते. हा स्कॉटिश नियोजक १९१४ मध्ये भारतात आला आणि पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्या काळी मुंबई, कलकत्ता येथील सुधारणा विश्वस्त मंडळे प्लेगच्या भीतीने दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढीत होती. गेडिस यांनी याला विरोध केला. वैद्याने उपचारापूर्वी रोग्याची तपासणी करावी, तशी नियोजकाने आधी शहराची गल्लीबोळांतून पायी फिरून पाहणी करावी, आणि मग शक्य तितके कमी पाडून काम भागवावे, असे त्यांचे सांगणे होते. होळकरांच्या इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग, ज्या आळ्यांतील लोक आपली घरे अधिक झाडून-सारवून नीट करतील त्यांतून जाईल, असे जाहीर करून साऱ्या शहराला कामाला लावले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या इंदूरचे नाव २०१७ पासून स्वच्छतेच्या क्रमवारीत झळकू लागले, तेथे शंभर वर्षांपूर्वी नियोजक लोकांच्या दारापर्यंत चालत गेला होता. अभिप्राय मागवण्यात आणि तो घ्यायला स्वतः जाण्यात जे अंतर आहे, ते गेडिस यांना ठाऊक होते.

मग करायचे काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे अभिप्राय घेण्याचे काम संबंधित विभागाकडे असू नये आणि नस्तीचा निर्णय होण्यापूर्वी तो घेऊ नये. विद्यापीठे, लेखापरीक्षण यंत्रणा किंवा स्वतंत्र संस्था यांनी नमुना निवडावा आणि उत्तर देणाऱ्याचे नाव विभागाला कळू नये. दुसरे, ज्यांना परवानगी मिळाली त्यांच्याबरोबरच ज्यांची नाकारली गेली, जे कंटाळून अर्ज सोडून गेले, आणि ज्यांनी परवानगीच्या वाटेला न जाता बांधकाम उरकले, अशांनाही विचारावे. शेवटच्या गटाचे उत्तर सर्वांत उपयोगाचे असेल. प्रत्येक मंजुरीमागे शेजारच्या दोन-तीन मिळकतींनाही पत्र जावे.

तिसरे, ‘समाधानी आहात का’ असे विचारण्याऐवजी घडलेले विचारावे. किती खेपा झाल्या? किती वेळा त्रुटी काढल्या? त्या लेखी दिल्या का? दुसऱ्या वेळच्या त्रुटी पहिल्याच वेळी सांगता आल्या नसत्या का? मध्यस्थ का धरावा लागला? समाधान माणसाच्या अपेक्षेवर ठरते. फार अपेक्षा न उरलेला माणूस लवकर समाधानी होतो. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला आणि नंतर कर्नाटक, महाराष्ट्र यांसह अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. या कायद्यांनी मुदतीचे बंधन घातले खरे. पण मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी एखादी त्रुटी काढून नस्ती परत पाठवली की कागदावर विलंब दिसत नाही. ही युक्ती फक्त अर्जदाराच्या अनुभवातूनच उघडी पडू शकते.

चौथे, उत्तरांतून नियम बदलायला हवेत. तेलंगणाने २०२० मध्ये केलेल्या कायद्याने ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या भूखंडावरील छोट्या घराला परवानगीच्या जाचातून मुक्त करून एक रुपयात नोंदणीची सोय केली. ६०० चौरस यार्डांपर्यंत आणि १० मीटर उंचीपर्यंत स्वयंप्रमाणनावर तत्काळ मंजुरी आणि त्यावरील बांधकामांना २१ दिवसांची मुदत ठेवली. छोट्या माणसाची अडचण कुठे आहे, हे ओळखून केलेली ही रचना आहे. मात्र प्रमाणन खोटे असल्यास त्याचा त्रास प्रथम शेजाऱ्याला होतो. म्हणून परवानगी जितकी सोपी, तितकी नंतरची तपासणी आणि शेजाऱ्याच्या तक्रारीची सुनावणी कडक हवी. पाचवे, आलेल्या अभिप्रायातून काय बदलले, काय बदलता आले नाही आणि का, हे दर सहा महिन्यांनी प्रभागात जाहीरपणे सांगण्याचे बंधन असावे. विकास आराखड्यावरील हरकतींनाही, निदान विषयवार, कारणांसह लेखी उत्तर मिळाले पाहिजे.

यावर माझे सेवेतील सहकारी काय म्हणतील, याची मला कल्पना आहे. आधीच माणसे नाहीत, त्यात ही नवी कामे कोणी करायची? हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालानुसार देशातील ७,९३३ नागरी वसाहतींपैकी ६५ टक्क्यांना बृहत् आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना विभागांत बारा हजारांहून अधिक नियोजकांची गरज असताना मंजूर पदे चार हजारांच्याही आत आहेत आणि त्यांतील जवळपास निम्मी रिक्त. ही पदे भरली पाहिजेत, यात वाद नाही. पण एकाच अर्जदाराची नस्ती चार वेळा उघडून चार वेळा परत पाठवण्यातही माणसांचाच वेळ जातो. अभिप्रायाने तो वाचतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्या शेरेबुकानंतर मी एक साधा प्रयोग केला होता. मागील वर्षभरात ज्यांना परवानगी मिळून गेली होती, अशा नागरिकांना पोस्टाची जोडकार्डे पाठवली. उत्तराच्या कार्डावर फक्त माझ्या कार्यालयाचा पत्ता होता. नस्ती हातावेगळी झालेली असल्याने लोकांनी मोकळेपणाने लिहिले. बहुतेकांची तक्रार एकच होती: त्रुटी एकदम सांगत नाहीत, एक पुरी केली की दुसरी निघते. तपासले तेव्हा कळले की तीन मेजांवरचे तीन कर्मचारी आपापल्यापुरते पाहून नस्ती परत करीत होते. तिघांनी एकत्र बसून एकाच तक्त्यावर शेरे लिहायचे, असा आदेश काढला आणि खेपा कमी झाल्या. माझी बदली झाल्यावर तो तक्ता बंद पडल्याचे पुढे समजले.

तथापि त्या प्रयोगातील माझी चूक मला एका निवृत्त शिक्षिकेने दाखवून दिली होती. त्यांच्या शेजारच्या भूखंडावरील सामासिक अंतरात विभागाने सूट दिली होती आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आता एका भिंतीकडे उघडत होती. त्या शेजाऱ्याने आपल्या कार्डावर विभागाची स्तुती केली होती. ते कार्ड मी बैठकीत वाचूनही दाखवले होते. बाई शांतपणे सगळे सांगून उठल्या आणि जाताना म्हणाल्या, “कार्ड त्यांना पाठवलंत. मला का नाही पाठवलं?” त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आपल्या शहरांच्या नगररचना विभागांनी ते आता तरी शोधावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)